वाळुंजकाका मॉनिटर घेतात

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत कुठलीही पंगत असो, पहिली पुरी वाळुंजकाकांकडे जाते. देवाचा नैवेद्य त्यानंतर. काका ती पुरी उजेडात धरतात, उलटी करतात, बोटाने दाबून बघतात आणि सगळी सोसायटी हातात ताटं घेऊन ताटकळत असताना शांतपणे म्हणतात, "पयला पीस ओके. चालू द्या." एकदा मात्र म्हणाले, "होल्ड. कडा जाड हाय." केटरर थेरगावचा, नवीन होता बिचारा. मला बाजूला घेऊन विचारतो, "हे फूड इन्स्पेक्टर आहेत का हो?" म्हटलं, त्याहून वाईट आहेत.

चाकणच्या एका कंपनीत काकांनी एकतीस वर्षं माल तपासला. बाहेरून सुटे भाग आले की पहिला नग काका बघणार, सही करणार, मगच लाइन चालू. मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहो, नाहीतर गेटवर ट्रकांची रांग लागो, डाग असलेला नग काकांनी कधी आत घेतला नाही. मागच्या वर्षी रिटायर झाले, पण सवय कुठली रिटायर होतेय! सहा इंची स्टीलची पट्टी आणि बोटाएवढा टॉर्च अजूनही शर्टाच्या खिशात असतो. काकू म्हणतात, "मला बघायला आले तेव्हा टॉर्च आणला नव्हता, एवढंच माझं नशीब."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेतो, म्हणून काका मला आपल्या बिरादरीतला समजतात. त्याची फळं मी भोगतोय. परवाच्या शनिवारी सकाळी नऊला, माझा चहासुद्धा व्हायचा होता, तेव्हा दारात हजर.

"चल राव, मॉनिटर घ्यायचाय."

"कशाला हो काका?"

"लाइटबिल, मेल, बातम्या. रोजचंच." मग जरा इकडेतिकडे बघून, "आन् कधीमधी गेम."

"गेम? तुम्ही?"

"दहा हजारांच्या आत बसला पायजे. आन् उद्या चारच्या आत घरी चालू झाला पायजे. जास्त इचारू नको."

कॉम्प्युटर त्यांनी आधीच कुणाकडून तरी जुना घेऊन ठेवला होता. चारलाच का, ते काही सांगेनात. मुहूर्त आहे का म्हटलं, तर म्हणाले, "व्हय, तसंच समज."

पिंपरीच्या पहिल्या दुकानात काकांनी पट्टी काढली आणि स्क्रीनवर तिरकी ठेवून मोजायला सुरुवात केली. पट्टी सहा इंची, म्हणून दर वेळी पेन्सिलीने काचेवर खूण! दुकानदार हां हां करत धावला, तोवर निकाल लागला होता.

"चोवीस म्हनता, पावणेचोवीस भरतंय."

"सगळ्या कंपन्यांचे एवढेच असतात, काका."

"म्हंजे सगळाच लॉट रिजेक्ट."

दुसऱ्या दुकानातल्या पोरीने मोठ्या कौतुकाने सत्तावीस इंची, कमानीसारखा वळलेला मॉनिटर दाखवला. काकांनी नुसतं लांबून बघितलं. "वाकलेला माल आमी घेत न्हाई." ती अजूनही माझ्याकडे बघत असेल.

तिसरं दुकान शकीलभाईंचं. माणूस शहाणा. त्यांनी आधी कशाकशाला हवाय ते ऐकून घेतलं, मग विचारलं, "टेबल किती रुंद आहे?"

"दोन फूट."

"मग सत्तावीस कशाला? मान दुखेल. चोवीस पुरे, फुल एचडी. आयपीएस पॅनल घ्या, बाजूने बघितलं तरी रंग उडत नाही. आणि शंभर हर्ट्झ असला की गाडी पळताना चित्र अडखळत नाही. कधीमधी खेळायला रग्गड झालं."

काका खूश. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग रंग खालून उडतो का ते बघायला उकिडवे बसले. शकीलभाईही शेजारी बसले. मग काकांनी स्क्रीन पांढरी करायला सांगितली आणि नाक टेकवून काच वाचत सुटले. माझ्या पोटात कावळे कोकलत होते.

"होल्ड."

उजव्या कोपऱ्यात, खाली, मोहरीहून बारीक काळा ठिपका. मला तर चष्म्यातूनही दिसेना. शकीलभाईंना दिसला. "आहे, काका. खोटं नाही बोलणार. पण या मॉडेलचा हा एकच नग राहिलाय. नवीन माल मंगळवारी."

"मग मंगळवारी येऊ की," मी म्हटलं.

काका स्टुलावर बसले आणि उगाच टॉर्च चालू-बंद करत राहिले. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी बघितला नव्हता.

"निखिल बारावीला हुता," ते म्हणाले. निखिल म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, सहा वर्षं झाली, जर्मनीत असतो. "गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. सराव परीक्षेत मार्क कमी पडले. मी त्याच्यादेखत मॉनिटर उचलला आन् भंगारवाल्याला देऊन टाकला. पोरगं एक शब्द बोललं न्हाई. तवापासनं न्हाईच बोललं म्हन की. दर रविवारी फोन येतो. जेवलास का, हो. थंडी हाय का, आहे. थांब, आईला देतो. झालं."

"मग?"

"मागच्या रविवारी म्हनला, ठेवतो, गेम खेळायचाय. माझ्या तोंडातनं निघून गेलं, मलाबी घे की. फोन लई वेळ गप. मला वाटलं कट झाला. मंग म्हनला, पुढच्या रविवारी चारला या." काकांनी टॉर्च खिशात टाकला. "माल मंगळवारी परत येईल रं. पोरगं परत बोलवंल का, ते कोन सांगनार?"

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पण डाग आहे ना, काका."

"कोपऱ्यात हाय," काका म्हणाले. "बांधा, शकीलभाई."

रविवारी मी वायरी जोडून दिल्या. चारच्या ठोक्याला स्पीकरवर निखिलचा आवाज आला. एरवी ज्यांच्याबरोबर खेळायचा, त्या मित्रांना त्याने त्या दिवशी बोलावलं नव्हतं. दोघंच होते.

शर्यत सुरू झाली. निखिलची निळी गाडी भुर्रकन गेली. काकांची लाल गाडी डाव्या बाजूने, तीसच्या स्पीडने, डांगे चौकातून भाजी घेऊन यावी तशी निघाली आणि पहिल्याच वळणावर भिंतीत घुसली. तिकडून निखिल असा काही हसला की काकू झारा हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाबा, शर्यत आहे ही, शर्यत!"

काका हसले नाहीत. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "निखिल, तवा तो मॉनिटर मी द्यायला नको हुता. चुकलं माझं."

मी आणि काकू एकमेकांकडे बघेनात. आणि मग स्क्रीनवर लांब, पुढे गेलेली ती निळी गाडी थांबताना दिसली. भर रस्त्यात, मधोमध.

"बाबा," निखिल म्हणाला, "थांबलोय मी इथं. या तुम्ही."

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. गाडी अजून भिंतीतच होती.

"आलो, आलो," ते म्हणाले. "रिव्हर्स कुठंय, तेवढं सांग."