टर्बो काही उठेना

निर्णय उभ्याउभ्या घ्यावा आणि एकदा घेतला की मागे वळून पाहू नये, असे निवृत्त सुभेदार लालासाहेब सर्वांना सांगत आले होते. मागच्या आठवड्यात हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले तेव्हा ते आडवे होते, कारण स्वतःच्या गाडीतून उतरताना त्यांच्या कमरेत उसण भरली होती. आणि ज्या निर्णयाबद्दल ते बोलत होते, त्याला पाचवा महिना चालू होता.

प्रश्न त्या गाडीचाच होता. निवृत्तीनंतर त्यांनी दोन दारांची, दोनच माणसांची, लालभडक स्पोर्ट्स कार घेतली होती. तीन वर्षे झाली तरी सीटवरचा प्लॅस्टिकचा कागद निघालेला नव्हता. गाडी जमिनीला इतकी जवळ होती की गल्लीतल्या कोंबड्या खिडकीतून आत डोकावत. आता कुपवाडच्या धनाजीने, ज्याचे तिथे लेथचे वर्कशॉप होते, तिच्या बदल्यात आपली पंधरा वर्षांची टर्बो गाडी देऊ केली होती. गाडीला गाडी, वर काही नाही.

"नवी दिऊन जुनी घ्याची?" त्यांची पत्नी संयोगिता शेकायची पिशवी कमरेवर दाबत म्हणाली. "लोक उलटं करत्यात."

"तुला टर्बो म्हंजे काय ठावं न्हाई. लडाखला माजा ट्रक धापा टाकायचा, आन् टर्बोवाले शिट्टी मारत फुडं जायचे. पातळ हवेत जिचा दम टिकतो ती खरी गाडी."

"दम तुमास्नी लागतोय, गाडीला न्हवं."

लालासाहेबांनी तोंड भिंतीकडे वळवले. चौसष्टाव्या वर्षी नव्याचे कौतुक सरत आलेले असते; चढावर कोणीतरी मागून हळूच हात लावावा, एवढेच माणसाला हवे असते. हे ते बायकोला बोलले नाहीत. बोलले असते तर पुढचे बरेच टळले असते.

रविवारी धनाजी गाडी घेऊन साताऱ्याला आला. "चालवून बघा, सुभेदार. व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना, पर आज म्हना. पाच महिने माजी बायको मला इचारतीया, कंची गाडी धुवायची?"

चाचणी येवतेश्वरच्या घाटात घ्यायची ठरली. लालासाहेब स्टिअरिंगवर, शेजारी संयोगिता, आणि मागे नावापुरत्या असलेल्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून धनाजी.

लालासाहेबांनी अठ्ठावीस वर्षे लष्करी ताफ्यात गाडी हाकली होती. ताफ्याचा वेग चाळीस, दिवे दिवसाही चालू, इंजिनचा आवाज चढला की लगेच वरचा गिअर. निवृत्तीने यातले काहीच बदलले नव्हते.

"सुभेदार, काटा तीन हजारावर गेल्याबिगर टर्बो उठत न्हाई," धनाजी मागून म्हणाला. "आदीच्या मालकानं सांगिटलंय."

"मग झोपू दे की."

"आवं, त्याच्यासाठनंच आलोय न्हवं?"

"माज्या गाडीत इंजिन वरडल्यालं मला चालत न्हाई."

"अजून माजी हाय," धनाजी गुडघ्यांच्या मधून म्हणाला.

कासची फुले बघायला निघालेली गर्दी त्यांच्यामागे साचू लागली. लालासाहेबांनी आरशात पाहिले. एक एसटी, तिच्यामागे मोटारी, त्यांच्यामागे मोटारसायकली. त्यांचा चेहरा उजळला. मागे ताफा असल्याशिवाय माणूस गाडी चालवतो हे त्यांना कधी मनापासून पटलेच नव्हते.

पेट्रोल, हवा आणि गावातली गर्दी धरून घरून निघाल्याला तास झाला तसे त्यांनी घड्याळ पाहिले आणि गाडी थांबवली. भर चढावर, वळणाच्या अलीकडे, रस्त्यात.

"काय झालं?" धनाजी दचकला.

"हॉल्ट. तासाला धा मिनटं."

एसटीचा कंडक्टर धावत आला. "आजोबा, बंद पडली का?"

"न्हाई. हॉल्ट हाय," लालासाहेब म्हणाले आणि नेहमीच्या सवयीने ताफ्याची पाहणी करायला मागे चालू लागले. ताठ मान, पिळदार मिशी, हात पाठीमागे. पहिल्या मोटारवाल्याने त्यांना पाहून घाईने पट्टा लावला. दुसऱ्याने न मागताच लायसन पुढे केले. लालासाहेबांनी ते वाचले, परत दिले आणि त्याच्या टायरवर बुटाची टाच मारली.

"कवा बदललास?"

"साहेब, या महिन्यात बदलतो."

"घाट हाय गड्या, ह्यो. पोरंबाळं हायती आत."

ही बातमी मागे पोचली तसे लोक कागदपत्रे शोधू लागले. एकाने हेल्मेट नसलेल्या मित्राला उतरवून चालायला लावले. सातव्या मोटारीपर्यंत शिस्त इतकी वाढली की हॉर्न पूर्ण बंद झाले.

इकडे एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "मावशी, तेवढी गाडी फुडं घ्या की. प्याशिंजर वरडाय लागल्यात."

संयोगिता उतरली आणि चपला दाराशी काढून स्टिअरिंगवर जाऊन बसली. नवरा सरहद्दीवर असताना घरचा ऊस तिनेच ट्रॅक्टरने कारखान्यावर घातला होता. भरल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागले की मध्ये पाय उचलायचा नाही, हा एकच नियम तिला माहीत होता. तिने तो पाळला.

काटा तीन हजारावर गेला. आधी बारीक शिट्टी वाजली. मग पंधरा वर्षांची गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी झाली आणि दुसऱ्या क्षणी वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मागे फक्त धनाजीचा "वयनी-" एवढाच शब्द राहिला.

रस्ता मोकळा झालेला पाहून ताफा सुटला. लालासाहेब रस्त्याकडेला उभे राहून गाड्या मोजत राहिले. शेवटी हेल्मेट नसलेला तो पायी चाललेला मित्र आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि एका टेम्पोला हात केला.

घाटमाथ्यावर गाडी उभी होती. धनाजी कठड्यावर बसून पाणी पीत होता. संयोगिता बॉनेटला टेकली होती. पदर सुटलेला, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असे काहीतरी जे लालासाहेबांनी रजेवर आल्यावर पूर्वी कधीतरी पाहिले होते.

"कशी हाय?" त्यांनी विचारले.

तिने बॉनेटवरून हात फिरवला. "आदी काय न्हाई. मग कुनीतरी मागनं हात लावल्यावानी हुतं."

लालासाहेब खाली घाटाकडे बघत राहिले. पातळ हवेच्या गोष्टी सांगण्यात त्यांची सारी वर्षे गेली होती. घरचा चढ कोणी ओढला, हे विचारायचे राहूनच गेले होते. ते उभे होते. त्यांनी निर्णय घेतला.

"धनाजी, ठरलं. बदलायची. ही हिला पायजे."

धनाजीने बाटली खाली ठेवली. "न्हाई जमायचं, सुभेदार."

"का रं?"

"मी कवा पन्नासच्या स्पीडफुडं गेलोच न्हाई. हिच्यात असलं काय हाय, मलाच ठावं न्हवतं! आता कळलं. असली गाडी कोन दितंय व्हय?"

लालासाहेबांनी घसा साफ केला. अठ्ठावीस वर्षांचे काहीतरी ओठांवर आले होते. "अगं, ऐक. मी काय म्हनतो..."

"ते ऱ्हाऊ द्या," संयोगिता आपल्या अनवाणी पायांकडे बघत म्हणाली. "माज्या चपला तुमच्या त्या हॉल्टवर ऱ्हायल्यात. भावजी देत्याल गाडी तेवढ्यापुरती. जाऊन आणा. आन् चाळीसनंच जावा, म्हंजे दिसत्याल."