पारोशा फायली आणि आप्पांचा कान

जळकोटचे शिवलिंगआप्पा नसते, तर माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाचा कान कुणीच पिळला नसता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आप्पांबद्दल बोलायला लागलं की माणूस हसत सुटतो आणि उपकार सांगायचे राहून जातात.

आप्पांचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान तुळजापुरात, आमच्या लॉजच्या जिन्याखाली. मी लॉजवर खोल्या आवरतो. माझं गाव गोंदियाकडं. शाळा सातवीत सुटली आणि कामाच्या मागं फिरत फिरत इथं येऊन टेकलो. आप्पांनी माझं नाव कधी विचारलं नाही. "काय गोंदिया, चा झाला का?" एवढ्यावर आमची ओळख.

आप्पांची खोड अशी, की ते फायलींना आंघोळ घालतात. त्यांचा कॉम्प्युटर पिवळा पडलेला आणि त्यातलं एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्याहून म्हातारं. नव्या मोबाइलचा व्हिडिओ त्यात टाकला की कधी नुसता आवाज येतो आणि चित्र काळं, कधी चित्र येतं आणि आवाज गायब, कधी सगळंच ठप्प. म्हणून ती फाईल आधी दुसऱ्या प्रोग्राममधून जुन्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावी लागते. जग याला कन्व्हर्ट करणं म्हणतं.

आप्पा म्हणतात, "भाविक गोमुखाखाली न्हाल्याबिगर देवीम्होरं जातंय का? मग पारोशी फाईल माझ्या मशिनीत कशी जाईल?"

आंघोळ चालू असताना पंख्याचं तोंड माणसांकडून काढून कॉम्प्युटरकडं होतं. गिऱ्हाईक घामाघूम. एका नवरदेवाच्या मामानं विचारलं, "आप्पा, अजून किती वेळ?"

"तुमी न्हाताना कुणी दार वाजिवतंय का? बसा गप."

नवा कॉम्प्युटर घ्या, असं सगळेच सांगून थकले. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "नवा आला की मग हा कुठं जाईल?"

या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, लताचं लग्न झालं. मी गेलो नाही. लॉज नव्या जोडप्यांनी भरलेला, लग्नानंतर देवीच्या पाया पडायला आलेली. मालक म्हणाले, "आता गेलास तर परत येऊ नकोस." दुसऱ्यांच्या बहिणींसाठी, दुसऱ्यांच्या मेव्हण्यांसाठी चादरी अंथरत बसलो.

लताचा फोन आला. "काहून नाही आला रे दादा तू? कानपिळीला सारे थांबले होते." नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं. माझ्याशिवाय तिला भाऊ नाही, म्हणून ती कानपिळी राहूनच गेली. मी म्हणालो, "तुझ्या लग्नाची कॅसेट मी करून पाठवतो." गावाकडं कॅमेरावाला सांगितलाच नव्हता. पाव्हण्यांनी मोबाइलवर जे काढलं होतं, ते एका कार्डात भरून माझ्याकडं आलं.

आप्पांनी कार्ड लावलं आणि कपाळावर हात मारला. "अय्यो! जितके मोबाइल तितक्या तऱ्हा. सगळं वऱ्हाडच पारोसं की रे!"

एकेका फाईलला आंघोळ झाली. तरी लग्न लागतानाची फाईल वाकडीच. भटजींचं तोंड मिटलेलं आणि मंगलाष्टक चालू.

"आवाज म्होरं पळालाय, भटजी मागं ऱ्हायलाय," म्हणत आप्पा तुकडे तोडून जुळवायला बसले.

मला धीर धरवेना. "आप्पा, फाईल मरणार नाही ना? लताला काय तोंड दाखवू?"

"तू घाबरलास की मशीन घाबरतंय. भाईर बस जा."

थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली. "गोंदिया, ह्यात तू कुठं हायस?"

"मी नव्हतोच ना आप्पा."

"भाऊ न्हाय आन लग्न झालं व्हय? वरनं हिरवी चादर घिऊन ये."

हिरवं तेवढं त्यांचं सॉफ्टवेअर पुसून टाकतं. एक हिरवं कापड भिंतीला लागलं. कॅमेरा स्टँडवर चालू झाला. मी आणलेली चादर आप्पांनी स्वतःभोवती डोक्यापासून गुंडाळली. उघडा राहिला फक्त एक कान.

"पीळ."

"आप्पा, तुमचा कान कसा पिळू?"

"म्या आप्पा न्हाय, तुझा म्हेवणा हाय. पीळ! आरं जोरात! बहीण दिलीयस, भोपळा न्हाय!"

मी पिळला. चादरीतून असा काही "अय्यय्यो" निघाला, की जिन्यावर भाविक गोळा झाले.

नंतर पडद्यावर मी मांडवात उभा होतो आणि नवरदेवाच्या कानाच्या जागी आप्पांचा कान होता.

"आप्पा, कानावर पांढरे केस दिसतात."

"दिसू दे. जावई जबाबदार वाटतोय."

शेवटी लताची पाठवणी जोडली आणि काम संपलं. मी खुशीत बोलून गेलो, "नवा कॉम्प्युटर असता तर एवढी कटकट नसती आप्पा."

या वेळी ते ठरलेलं उत्तर आलं नाही. त्यांनी एक जुनं काम उघडलं. हळद लागलेली एक मुलगी कॅमेऱ्याकडं बघून हसत होती. त्यांची गंगा, हुबळीला दिलेली. लग्न पंगतीपर्यंत जोडलेलं. पाठवणीचा तुकडा मात्र बाजूला पडलेला.

"हे ह्याच मशिनीत उघडतंय. नव्यात न्हाय उघडत."

"मग पूर्ण करा की."

"पाठवणी जोडली की गेलीच की रे ती." त्यांनी पंख्याचं तोंड कॉम्प्युटरकडं वळवलं. "फोनवर इच्यारती, आप्पा, माझी कॅसेट कवा? म्या म्हणतो, आंघोळ चालू हाय."

मी बघत राहिलो. त्या लग्नात सगळे दिसतात, आप्पा कुठंच नाहीत. कॅमेरा त्यांच्याच हातात होता ना.

लताला कॅसेट मिळाली. "दादा, तू दिसला रे!" म्हणून आधी रडली, मग विचारलं, "पण यांचा कान असा काहून?" तिला सांगितलं, तो कान जपून ठेव, मोठ्या माणसाचा आहे.

गंगा कधीतरी माहेरी येईल. त्या दिवशी कॅमेरा मी धरणार, आणि लेकीशेजारी आप्पांना अख्खं घेणार, दोन्ही कानांसकट. त्या फाईलला आंघोळही मीच घालीन. आप्पांनी फक्त पंख्यासमोर बसायचं.