नाव सांगितलं की गुण जातो

येडबाच्या औषधाला दोन अटी होत्या, आणि ताडकळसच्या बाजारात चहा पिणाऱ्या प्रत्येकाला त्या पाठ होत्या. एक, औषध तोडल्यापासून जनावराच्या पोटात जाईपर्यंत देणाऱ्यानं बोलायचं नाही. दोन, औषधाचं नाव कुणाला सांगायचं नाही; नाव सांगितलं की गुण जातो. आज्यापासून आलेलं नाव त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. "त्या सुईवाल्या डॉक्टरला म्हणावं, मेंढराच्या पोटफुगीला माझ्याकडं ये, शिकवतो," असं तो म्हणायचा. नाव न सांगता शिकवणार काय, हे कुणी विचारलं नाही.

अन् एका सकाळी येडबाचाच एडका फुगला. सरदार त्याचं नाव. कळपात नर तेवढा एकच; तो गेला तर पुढच्या साली कोकरं कुठून येणार? लोकाचा ओला हरभरा चरून पठ्ठ्या पाय ताणून आडवा पडला होता. येडबा तडक माळावर गेला, औषध तोडलं, मुठीत लपवलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

येडबानं गप्प बसणं म्हणजे चालू गिरणीनं गप्प बसणं. वाटेत गावातल्या वैजीनाथनं मोटारसायकल थांबवली.

"कामून पळायलाव, मामा? बोला की."

येडबानं हातानं पोटासमोर मोठा घुमट काढला. मग रस्त्यातच आडवा पडून पाय झाडले आणि घराकडं बोट केलं. वैजीनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. येडबाच्या पोटुशी सुनेला, राणीला कळा सुटल्या होत्या! भल्या माणसानं मामाला घरी सोडलं आणि "मी करतो बंदोबस्त" म्हणून फोन लावायला गेला.

घरी औषध ठेचून झालं. आता गूळ हवा होता, पण मागणार कसा? येडबा बोटं चाटून दाखवायला लागला. त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं आधी भाकर आणली, मग चुना आणला. तिसऱ्या खेपेला गूळ मिळाला आणि तेवढ्यात भोंगा वाजवत दवाखान्याची गाडी दारात आली.

"पेशंट कुठंय?"

वैजीनाथनं राणीकडं बोट दाखवलं. ती भांडी घासत होती.

"मला कळा? कुणी सांगितलं?"

"तुझ्या सासऱ्यानं."

सगळे येडबाकडं वळले. "राणी न्हाई, एडका," एवढंच बोलायचं होतं. पण बोलला तर सरदार हातचा जाणार. त्यानं कळवळून पुन्हा घुमट काढला, पुन्हा पाय झाडले. मग काय, गाडीतल्या दोघांनी राणीला हातातल्या पातेल्यासकट स्ट्रेचरवर घातलं. तिनं पातेलं हाणलं. ड्रायव्हरनं घाबरून भोंगा दाबला, तो दबलेलाच राहिला.

त्या आवाजानं सरदार ताडकन उठला. त्यानं मागून असा वारा सोडला की केवळाबाईनं पदर नाकाला लावला. मग तो टुणकन कुंपण ओलांडून थेट हरभऱ्यात गेला.

येडबा औषधाची वाटी धरून उभा.

"अवो, त्यो पळाला की. आता ह्ये कुणाच्या पोटात घालता? का जलमभर मुकंच ऱ्हाता?" केवळाबाई म्हणाली, आणि क्षणभर तिला दुसरीच गोष्ट बरी वाटली.

पोट ते पोट, असा येडबानं विचार केला आणि वाटी स्वतःच रिकामी केली. "राणी न्हाई, एडका," एवढं बोलून त्यानं जे पोट धरलं ते सोडलंच नाही. स्ट्रेचर तयारच होतं.

दवाखान्यात डॉक्टरनं दहादा विचारलं, "मामा, खाल्लंत काय? नाव सांगा." येडबा दात आवळून होता. नवव्यांदा संडासला पळताना मात्र त्याला एकदम सुचलं. नाव सांगितलं की गुण जातो! आणि हा गुण तर जायलाच हवा होता. तीन पिढ्यांचं गुपित त्यानं संडासाच्या दारातून गळा काढून सांगितलं.

"कवंडळ! कडू कवंडळ!"

तो क्षणभर थांबला. गुण काही गेला नाही. तो आत पळाला.

"ते जुलाबाचं फळ होय?" बाहेरून सिस्टरचा आवाज आला. "ते तर आपल्या मागच्या कुंपणाला लय लागलंय. माझी माय म्हशीला तेच द्यायची. बोलत बोलत."

आत येडबानं पुन्हा मौन धरलं होतं.