कर्नल पिंगळे आणि कोतवालचा डावा पाय

कर्नल पिंगळे घोडा बघतात ते त्याच्याकडे पाठ करून. टीव्हीवर शर्यत असली, की आधी घोड्यांना कडक जमिनीवरून फिरवून आणतात, तेवढी पाच मिनिटं ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसतात, डोळे मिटतात आणि हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. शर्यत सुरू झाली की उठून चहा टाकायला जातात. त्यांच्या मते निकाल तोवर लागलेला असतो.

"डोळे घोड्याच्या प्रेमात पडतात," ते म्हणतात. "कान पडत नाहीत."

पस्तीस वर्षं ते लष्करात घोड्या-खेचरांचे डॉक्टर होते. घोड्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीनं चालवायचं आणि चार टापांचा ठेका ऐकायचा, ही त्यांची पद्धत. एखादी टाप हलकी पडली की त्या पायात दुखणं आहे. निवृत्तीनंतर नागपूरला परत न जाता ते लखनऊतच राहिले, कारण छावणीतल्या रेसकोर्सवर रोज सकाळी स्कूटरवरून जाता येतं. गोमती नगरातल्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहतात आणि मी तिसऱ्या. म्हणजे दिवसातून चार वेळा मला त्यांच्या कानांसमोरून जावं लागतं. माझा निम्मा राग इथूनच सुरू होतो.

कारण हा मनुष्य जिन्यावरच्या माणसांनाही घोड्यासारखाच ऐकतो. माझे यजमान रेल्वेत इंजिनियर आहेत. एका संध्याकाळी ते दमून चढत असताना आतून आवाज आला, "जोशी, उजव्यावर वजन टाकताय. कंबर दाखवून घ्या." कंबरेचंच दुखणं निघालं, हे खरं. पण चौथ्या मजल्यावरच्या तिवारीजींचं काय झालं, तेही सांगते. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलगा, आईवडील, मामा, सगळे जिना चढून गेले. पाठोपाठ कर्नल वर पोचले आणि तिवारीजींना बाजूला घेऊन म्हणाले, "लड़का अच्छा है, लेकिन पिछला बायाँ ज़रा हल्का रख रहा है." माणसाला पुढचे-मागचे असे पाय नसतात, हे त्या घाईत तिवारीजींच्याही लक्षात आलं नाही. ते बैठकीत जाऊन मुलाच्या पायांकडेच बघत बसले. मुलानं नवे बूट घातले होते आणि ते त्याला चावत होते, एवढीच भानगड. लग्न झालं, पण तिवारीजी तीन महिने कर्नलशी बोलले नाहीत.

मी जाब विचारला तर उत्तर ठरलेलं. "ऐकलं ते सांगितलं. पुढचं ज्याचं त्यानं बघावं."

हे ठरलेलं उत्तर ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. जगात सगळ्यांनी ऐकलेलं सगळं सांगायचं ठरवलं, तर माझी बँकेची शाखा एक दिवस चालणार नाही.

आता कोतवालकडे येते.

मी इथल्या मराठी मंडळाची सचिव आहे. जानेवारी लागला की संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी माझ्या पर्समध्ये असते: हॉल, वाण, तिळगूळ, सतरंज्या, माइक, कोण कोणाला आणणार. यादीतला पहिला शब्द, हॉल, मी दर वर्षी डोळे मिटून टिक करते. हज़रतगंजातले चिकनच्या कपड्यांचे व्यापारी रस्तोगीजी दुकानावरचा आपला मोठा हॉल आम्हाला प्रेमानं देतात. मनुष्य लाखात एक. त्यांना दोनच वेडं. एक जुनं भरतकाम आणि दुसरा कोतवाल.

कोतवाल हा त्यांचा घोडा. सात शर्यती धावला, सातही जिंकला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या मोठ्या शर्यतीत तो उतरणार होता आणि शहरात दुसरा विषय नव्हता. ज्यांनी आयुष्यात टांग्यापलीकडे घोडा पाहिला नाही, ते ई-रिक्षात बसून त्याच्या फुप्फुसांवर बोलायचे. आमच्या मंडळातही दोन तट पडले. सातही शर्यती सोळाशे मीटरच्या आत होत्या आणि ही चोवीसशेची. एक तट म्हणे, शेवटच्या वळणावर त्याचा दम तुटणार. दुसरा म्हणे, त्याच्या आईच्या बाजूला दम आहे. वाणात काय द्यायचं हे ठरवायला बोलावलेल्या बैठकीत कोतवालच्या आजीवर अर्धा तास चर्चा झाली. मी घड्याळ बघून ती बंद केली.

हॉलचं विचारायला गेले तेव्हा रस्तोगीजीच म्हणाले, तुमच्या इमारतीत घोड्यांचे कोणी डॉक्टर राहतात असं ऐकलंय, त्यांना घेऊन या, त्यांचंही मत कळेल. मी घेऊन गेले. चूक माझीच, हे आधी कबूल करते.

दुकानावरच्या बैठकीत आणखी चार-सहा मंडळी होती. चहा आला, काजू आले. सुरुवातीला कर्नल इतकं नीट बोलत होते की मी निर्धास्त झाले. घोड्याचा बाप कोण, वजन किती, जॉकी कोण, हे त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, अंतराची काळजी करू नका, हा चोवीसशे काय, त्याहून जास्तही खेचेल. स्पर्धेत दमाचा घोडा एकच आहे, पण त्याला शेवटी वेग नाही. जॉकीनं पहिल्या वळणापर्यंत याला गप्प ठेवलं, तर शर्यत आपली. रस्तोगीजी खुलले. त्यांनी ट्रेनरकडून त्याच सकाळी आलेला व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला. काळाभोर कोतवाल फरसबंद अंगणात दुडक्या चालीनं येत होता. सगळे वाहवा करू लागले.

आणि कर्नलनी सगळ्यांसमोर खुर्ची भिंतीकडे वळवली.

रस्तोगीजींना वाटलं, त्यांची तब्येत बिघडली. कर्नलनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला, तीनही वेळा भिंतीकडे तोंड करून ऐकला आणि मग वळून म्हणाले, "रस्तोगीजी, इसे मत दौड़ाइए. अगला बायाँ हल्का पड़ रहा है. दौड़ाया तो टूटेगा."

लखनऊत माणसाला राग आला की तो अधिक अदबीनं बोलतो, हे मला इथे बारा वर्षं राहून कळलेलं आहे. रस्तोगीजी अतिशय अदबीनं म्हणाले, "कर्नल साहब, आप चाय नोश फ़रमाइए, ठंडी हो रही है." बस, एवढंच. जिना उतरताना त्यांनी मला त्याहूनही गोड आवाजात सांगितलं की या वर्षी जानेवारीत हॉलची पुताई निघाली आहे, दिलगीर आहे.

रंगकाम कसलं. भिंतींना हात लावला तर बोटाला रंग लागेल, इतक्या त्या ताज्या होत्या.

परतताना गाडीत मी कर्नलना जे बोलले ते सगळं लिहीत नाही. यादीतला पहिलाच शब्द गेला होता आणि चाळीस बायकांना आता मी कुठे बसवू, हा प्रश्न होता. ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "मंजिरीबाई, घोडं दुखत असलं तरी पळतं. थांबायचं त्याला कोणी शिकवलेलंच नसतं." मी म्हटलं, काका, तुम्हालाही नाही शिकवलेलं.

हळदीकुंकू आम्ही इमारतीच्या गच्चीवर केलं, थंडीत, शाली पांघरून. माझा राग काही उतरला नाही, कारण कर्नलही थांबले नव्हते. रस्तोगीजींना एक दिवसाआड पत्र. ट्रेनरचा नंबर कुठूनसा मिळवून त्याला फोन. पायाची तपासणी कशी करावी, याची स्वहस्ते काढलेली आकृती. रस्तोगीजी यातलं प्रत्येक पत्र, एक शब्दही न लिहिता, मला फोनवर पाठवून देत. बँकेत समोर ग्राहक बसलेला असताना स्क्रीनवर घोड्याचा गुडघा उगवत असे. मी खाली जाऊन कर्नलना सांगितलं, पुरे झालं, त्यांच्याकडे त्यांचे डॉक्टर आहेत, तपासणीत काही निघालेलं नाही. तेही माझ्यावर ओरडले. म्हणाले, काही निघालं नाही म्हणजे काही नाही असं नसतं, माझ्या कानांवर विश्वास नसेल तर मला जिन्यात भेटू नका. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानं हे म्हणावं.

शर्यतीच्या दिवशी रस्तोगीजींनी सगळ्या मंडळाला त्याच हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर शर्यत बघायला बोलावलं. "कर्नल साहब को ज़रूर लाइएगा," असंही म्हणाले. त्याचा अर्थ, चुकूनही आणू नका. कर्नल स्वतःच आले नाहीत. त्या दिवशी मी पहिल्यांदा कोतवालच्या पायांकडे बघत होते. पहिल्या वळणापर्यंत तो मागे होता, अगदी मागे. जॉकी त्याला गप्प ठेवत होता, कर्नल म्हणाले होते तसा. शेवटच्या वळणावर मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता तुटतो की काय, हे त्या माणसानं माझ्याही डोक्यात भरवून ठेवलं होतं. काही तुटलं नाही. कोतवाल बाहेरच्या बाजूनं सुटला आणि दोन घोड्यांच्या अंतरानं जिंकला. हॉलमध्ये लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. रस्तोगीजी मात्र खाली बसून रुमालानं चष्मा पुसत होते.

मग ट्रेनरचा फोन आला. त्यानं तो व्हिडिओ आज पहिल्यांदाच नीट पाहिला होता आणि त्याचं कोडं सुटलं. त्या सकाळी कोतवालच्या डाव्या पुढच्या पायाचा नाल निघाला होता. नालबंद यायचा होता. तीन पायांत लोखंड आणि एक पाय उघडा, म्हणून तो हलका वाजला. बघणाऱ्या कोणालाही ते दिसलं असतं. तीन खूर चमकत होते, एक नव्हता. मलाही दिसलं असेल, पण घोड्याच्या पायांत मला काय कळतं. ज्याला कळत होतं, तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

हे ऐकल्यावर माझा राग असा काही पेटला की मी जेवायला थांबले नाही. रस्तोगीजींनी कर्नलसाठी रेवडीचा डबा दिला, तो घेऊन तडक निघाले. बोलायचे चार मुद्दे वाटेत मनाशी लावून ठेवले. हॉल. पत्रं. बँकेत येणारे गुडघे. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: माणसानं एकदा तरी वळून बघावं.

कर्नल फोन कानाशी धरून बसले होते. कोणाशी बोलत नव्हते. शर्यत संपल्यावर घोड्याला चालवत परत आणतात, तो तुकडा त्यांनी लावला होता आणि संपला की पुन्हा लावत होते. मी उभ्या उभ्याच पहिले दोन मुद्दे बोलले. तिसऱ्याच्या आधी नालाची गोष्ट सांगितली. मला वाटलं, वाद घालतील. ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"म्हणजे मी चुकलो," ते म्हणाले. "साफ चुकलो. ऐका, ऐका तुम्ही, चारी कसे एकसारखे वाजतायत." त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. मला नुसती टकटक ऐकू आली. "वा. काय सुंदर चुकलो."

मी म्हटलं, काका, महिनाभर माझा जीव खाल्लात, त्या भल्या माणसाचा अपमान केलात, आणि आता आनंद कसला होतोय तुम्हाला?

त्यांनी फोन बंद करून उताणा ठेवला. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा, वसुधाकाकूंचा फोटो आहे. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आम्ही इथे राहायला येण्याआधीच त्या गेल्या.

"हिचा डावा पाय घासायला लागला होता," ते म्हणाले. "इथेच, स्वयंपाकघरातून बाहेर येताना. मला पहिल्या दिवशी ऐकू आलं. म्हटलं, चप्पल सैल असेल. नवी चप्पल आणली. मग म्हटलं, दमली असेल. पाच महिने मी ऐकत होतो, मंजिरीबाई. तिला बोललो नाही. घाबरेल म्हणून नाही. मी घाबरलो होतो. मग एकदा पडली. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरनी विचारलं, पाय असा कधीपासून आहे?"

ते फोटोकडे वळले.

"मी म्हटलं, कालपासून."

तिसरा मुद्दा मी बोलले नाही. चौथाही नाही. टेबलावरचा कागद त्यांनीच ओढून घेतला आणि रस्तोगीजींना माफीचं पत्र लिहायला बसले. हिंदी शुद्धलेखन मी तपासावं, असं म्हणाले. पत्र चार ओळींचं होतं. पहिल्या ओळीत चूक कबूल केली होती. उरलेल्या तीन ओळींत कोतवालला दोन महिने गवतावर मोकळा सोडा, अशी सूचना होती. मी त्या तीन ओळी खोडायला लावल्या. त्यांनी दोन खोडल्या.

पत्र पर्समध्ये टाकून मी निघाले. बाहेर थंडी होती, म्हणून जाताना दार ओढून घेऊ लागले.

"राहू द्या उघडं," कर्नल आतून म्हणाले. "सव्वासातला तिवारीजी जिना चढतात."