दिनकरकाकांची पोच

दिनकरकाकांना वाटीभर खीर दिली तरी ते पोच देतात. कागदावर. ‘शेवयांची खीर, एक वाटी, मिळाली,’ खाली लफ्फेदार सही. धुतलेल्या वाटीत चिठ्ठी घालून वाटी परत! सहकार खात्यात तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसलेला माणूस. कागद नाही ती गोष्ट घडलीच नाही, असं त्यांचं ठाम मत. भाजीवालीलासुद्धा म्हणतात, “ताजी हाय म्हंतीस न्हवं, लिवून दे की!” काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. त्यांच्या आणि आमच्या खोलीत भिंत आहे, पण नावापुरती.

आमच्या म्हणजे माझ्या आणि पाचवीतल्या माझ्या लेकीच्या, आयेशाच्या. मी शबाना, दवाखान्यात नर्स आहे. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि महिनाअखेर खोली रिकामी करा, असा निरोप आला. घरं बघायला लागले. फोनवर सगळं गोड, नाव सांगितलं की “आत्ताच गेला बघा फ्लॅट.” एकजण म्हणाला, “आमच्यात मटण चालत नाही.” कोल्हापुरात! त्याच्याच स्वयंपाकघरातून तांबड्या रश्श्याचा वास येत होता. तिथं हसू आवरलं आणि घरी येऊन रडले. अशी पाच घरं झाली.

सहाव्या फ्लॅटच्या पाटीलबाई भल्या निघाल्या. “मला चालतंय गं,” म्हणाल्या, “पण सोसायटीचे सेक्रेटरी नको म्हणतात.”

हे कळताच काकांनी चपला घातल्या. “फ्लॅट बाईंचा. भाड्यानं देताना सोसायटीला नुसतं कळवायचं असतंय. आन् धर्म बघून न्हाय म्हणता येत न्हाय. चल.”

सेक्रेटरींनी चहा मागवला. “तसं काही नाही हो, मेंबरांची जरा नाराजी आहे.”

“हेच लिवून द्या की,” म्हणत काकांनी पेन पुढं केलं.

सेक्रेटरी त्या पेनाकडे विंचू बघावा तसे बघत राहिले. “तोंडी सांगितलं ना!”

“मग ह्यो आमचा अर्ज घ्या आन् त्याची पोच द्या. मी बसतो.”

दोन तास बसले. चहाला हात लावला नाही. उद्या राहायला आले तर मला याच माणसांच्या तोंडासमोरून जायचं होतं. शेवटी पोच मिळाली. अर्जाची प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेली. उत्तरासाठी काकांनी स्वतःचा पत्ता घातला. “तुझ्या पत्त्याचा काय भरवसा?” म्हणाले. खरं होतं, पण लागलं.

मग नुसती वाट बघणं. ड्युटीवरून आले की मी विचारायची, “काका, काही आलं?”

“येतंय की,” ते म्हणायचे.

चार दिवस उरले. “अम्मी, आपण कुठं राहायचं?” आयेशानं विचारलं आणि मी घासलेलीच भांडी पुन्हा घासली. शेवटी गारगोटीच्या बहिणीला फोन करून आयेशाला ठेवून घेशील का, म्हणून विचारलं. वर्षाच्या मध्येच पोरीची शाळा सुटणार होती.

गुरुवारी पाटीलबाईंचा फोन आला. “सामान कधी आणतेस? सोसायटीचं पत्र मंगळवारीच मिळालं ना? मलाही तेव्हाच आलं.”

मी तडक काकांच्या दारात. त्यांनी उशीखालून पाकीट काढलं. सोसायटीची हरकत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

“दोन दिवस!” मी ओरडले. “पोरीला गारगोटीला धाडायला निघाले होते मी!”

काका खाली बघत राहिले. “चुकलं माझं. आज देतो, उद्या देतो म्हणत ऱ्हायलो.” मग म्हणाले, “आयेशा सकाळी पाढे म्हणती. सतराच्या पाढ्यात सातावर रोज अडकती. मी हिकडनं हळूच सांगतो. तिला ऐकू जात न्हाय.”

माझा राग गेला नाही. पाकीट घेऊन मी बहिणीला फोन करायला गेले.

टेम्पो रविवारचा ठरला. शनिवारी सकाळी आयेशाला पाढे म्हणायला काकांकडे पाठवलं आणि मी भांडी बांधायला बसले. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. सतराचा पाढा तिनं पहिल्याच झटक्यात बिनचूक म्हटला. काका तरीही म्हणत होते, “पुन्हा म्हण.”