विरघळेल तर शपथ!

"बायकोला कसं पटवायचं ते माझ्याकडून शीक!" असं रमाकांतने सांगितलं, तेव्हा त्याच्या मित्राने, हर्बर्टने नुसता चष्मा पुसला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि या काळात रमाकांतने नलूला एकदाही कशालाच पटवलेलं नव्हतं. गिरगावातल्या त्यांच्या अख्ख्या चाळीला हे ठाऊक होतं.

या वेळी विषय मात्र मोठा होता. निवृत्तीनंतर सफाळ्याच्या प्लॉटवर घर बांधायचं होतं. नलूला हवं होतं विटा-सिमेंटचं, वर स्लॅब घातलेलं. तिचा भाऊ हितेंद्र बांधकामाची कामं घ्यायचा. तो नुसत्या एका होकारासाठी खोळंबला होता. पण रमाकांत मातीच्या घरांचं चार दिवसांचं शिबिर करून आला होता आणि त्याला मातीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. प्लॉटवरचीच माती घ्यायची, त्यात रेती, थोडं सिमेंट, आणि फळ्यांच्या साच्यात थरावर थर ठोकून काढायचे! दीड फूट जाड भिंती, खाली दगडी जोतं, वर तीन फूट बाहेर आलेलं कौलारू छप्पर. पाऊस भिंतीला शिवणार नाही, ऊन आत शिरणार नाही!

"मातीचं घर?" नलू कडाडली. "कुडाळला माझी आई सारवून सारवून म्हातारी झाली. दर पावसाळ्यात एक भिंत बसायचीच. मी नाही परत त्या चिखलात जाणार!"

"अगं, ही ठोकलेली माती. दगड होते दगड! एक भिंत बांधून दाखवतो."

"दाखवा. धनत्रयोदशीला सगळ्यांसमोर तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतीन. एक ढेकूळ जरी पडलं, तरी स्लॅब!"

"आणि नाही पडलं, तर माती!"

हर्बर्ट शेजारच्या वाडीतला, गोदीत जन्मभर सुतारकाम केलेला. त्याने साचा करून दिला. सफाळ्याहून मातीच्या गोण्या आल्या आणि भर दुपारी दोन वाजता अंगणात माती ठोकायला जड धुम्मस मारायला सुरुवात झाली. पहिल्या मजल्यावरच्या ताटल्या मांडणीतून खाली आल्या! कुणीतरी गॅलरीतून "भूकंप, भूकंप!" म्हणून ओरडलं. पण संध्याकाळपर्यंत कमरेएवढी भिंत उभी राहिली.

"आता बारा दिवस ओली ठेवायची," हर्बर्टने बजावलं. "वर गोणपाट टाक, रोज सकाळी पाणी मार. विसरलास ना, तर भुगा होईल रे भुगा!"

पहिल्या दिवशी रमाकांतने पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी जाग आली साडेआठला! बनियनवरच खाली धावला, तर गोणपाट निथळत होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याने सहाला उठून गॅलरीतून डोकावून पाहिलं. खाली नलू! दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, इकडेतिकडे बघत चोरपावलांनी भिंतीकडे चाललेली.

रमाकांतचे डोळे भरून आले. तोंडाने नाही म्हणते, पण नवऱ्याची भिंत सुकू नये म्हणून पहाटे उठते! किती वर्षं आपण या बाईला ओळखलंच नाही! तो हळूच परत येऊन झोपला, आणि पुढचे सगळे दिवस निवांत झोपला.

धनत्रयोदशीला चाळ गोळा झाली. रमाकांतने ऐटीत गोणपाट ओढलं आणि किंचाळला. भिंतीच्या डोक्यावर हिरवंगार रान माजलं होतं!

"ते हळीव आहे, काका," दुसऱ्या मजल्यावरची मनवा म्हणाली. चाळीचा दिवाळीतला किल्ला दरवर्षी तिच्याच देखरेखीखाली व्हायचा. "दिवाळीच्या तोंडावर अंगणात माती दिसली, आम्हाला वाटलं तुम्ही किल्ल्यासाठीच तट बांधलात. वर चार बोटं चिखल थापला आणि पेरलं!"

नलूने पहिली बादली ओतली. भसकन हळीव घसरलं, ढेकळं पडली, तांबडं पाणी रांगोळीवरून वाहत गेलं.

"पडलं! स्लॅब!" नलूने टाळी वाजवली.

"थांबा, वहिनी," हर्बर्टने थापीने वरचा थर खरवडून काढला. "हा मनवाचा चिखल. भिंत खाली आहे."

नलूने दुसरी बादली ओतली. काही नाही. मनवाच्या हातातली तिसरी हिसकावून घेतली. काही नाही!

"मेली भिंत आहे की काय!" नलू संतापून ओरडली. "अकरा दिवस रोज पहाटे दोन-दोन बादल्या ओतल्या. विरघळेल तर शपथ!"

मग हर्बर्ट पोट धरून हसायला लागला. "वहिनी, तुमच्यामुळेच तर ती एवढी पक्की झाली! याने एकच दिवस पाणी मारलं होतं!"

नलूने भिंतीवर हात टेकवला. टळटळीत ऊन होतं, पण भिंत माठासारखी गार होती. ती बराच वेळ हात काढेना.

"हरले मी," ती शेवटी म्हणाली. "बांधा तुमचं मातीचं घर."

चाळीने टाळ्या वाजवल्या. रमाकांत मात्र हलेना. एवढ्यात त्याच्या मोबाईलवर हितेंद्रने फोटो पाठवला: प्लॉटवर विटा, सळ्या, सिमेंटच्या गोण्या. खाली लिहिलं होतं, 'भावोजी, माल उतरवला!'

"हे काय?" नलूने विचारलं.

"मला वाटलं, तू माझ्यासाठी पहाटे उठतेस..." रमाकांत पुटपुटला. "मला इतकं भरून आलं, नलू... परवा मीच हितेंद्रला फोन करून स्लॅबला होकार दिला."

नलूने कपाळावर हात मारला.

"जन्मात एकदा तुमचं ऐकायला तयार झाले, तर तुम्ही आधीच माझं ऐकून मोकळे!"