गुंडोपंतांची उष्णता

“उष्णता म्हणजे उष्णताच! मला शिकवू नका, भावजी!”

एका जंगलात, बाळांनो, ऐन पौषाच्या थंडीत हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकू आलं. बोलणारी होती साळूआजी. साळिंदरांच्या कुळातली. राग आला की तिच्या अंगावरचे काटे उभे राहायचे, आणि त्या दिवशी ते सकाळपासून खाली बसलेच नव्हते.

समोर होता शेजारचा विसोबा कासव. अनुभवी होता. मान अर्धी आत घेऊनच बोलत होता.

दोघांच्या मध्ये ओल्या केळीच्या पानावर गुंडोपंत पडले होते. हे आजीचे पाळीव सरडे. लहानपणी घारीच्या चोचीतून निसटून तिच्या दारात पडले, ते तिथेच राहिले. आजीला ना लेक ना सून. दिवसभर ती बोलायची आणि गुंडोपंत मान हलवायचे. असा श्रोता जंगलात दुसरा नव्हता. पण नऊ दिवस झाले, पंतांनी मुंगीसुद्धा तोंडात घातली नव्हती. मानही हलत नव्हती. पंत आता जाणार, हे आजीला आतून कळत होतं. म्हणून तर ती एवढ्या मोठ्याने भांडत होती.

आजी कुठल्या गुरुकुलात गेलेली नव्हती. अस्वलवैद्यांनी गुहेमागे फेकलेली एक पोथी तिने उचलून आणली, एकटीने अक्षराला अक्षर लावत वाचली, आणि शेवटच्या पानाला ती वैद्य झाली. शेवटचं पान म्हणजे अर्ध्यावरचं. मागची अर्धी पोथी वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या अर्ध्यात एकच प्रकरण होतं, उष्णता. तेव्हापासून जंगलात कुणालाही दुसरा आजार झाला नाही. हरणाचा पाय मुरगळला? उष्णता. घुबडाला रात्री झोप येत नाही? उष्णता. माकड कविता करू लागलं? उष्णता, आणि तीही डोक्यात गेलेली.

पंतांनी जेवण सोडलं त्याच दिवशी आजीने त्यांना सब्ज्याचं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी वाळ्याच्या ओल्या मुळ्यांवर निजवलं. तिसऱ्या दिवशी बिळाच्या पार आत हलवलं, जिथे उन्हाने कधी पाऊल टाकलं नव्हतं. पंत काळवंडले. “बघा, अंगातली उष्णता कशी बाहेर फुटतेय,” असं म्हणून आजीने कपाळावर कोथिंबिरीचा लेप घातला. पंत जितके गार पडत गेले, तितकी तिला उष्णता जास्त दिसत गेली.

“वहिनी,” विसोबा म्हणाला, “मी त्याच्याच भावकीतला. आमचं सगळं उन्हावर चालतं. अंग तापलं नाही तर पोटातलं जिरत नाही. मग वरून कोण खाईल? थंडीत मीसुद्धा दुपारभर कातळावर पडून असतो.”

“ते आळसाने. त्याचं वैद्यकात सांगू नका.”

“हात तर लावून बघा! दगडासारखा गार झालाय.”

“होणारच! औषध लागू पडतंय माझं!”

“पडतंय खरं. पण तो मरतोय हो, वहिनी.”

हा शब्द नऊ दिवसांत कुणी उच्चारला नव्हता. आजीचे काटे एकदम खाली बसले. मग दुप्पट उभे राहिले.

“मरतोय म्हणता? चला बाहेर! होऊन जाऊ दे सगळ्या जंगलासमोर!”

पानासकट पंतांना उचलून ती तरातरा बाहेर निघाली. भर दुपार. कातळ तापलेला. भांडायला हात मोकळे हवेत, म्हणून तिने पंतांना कातळावर ठेवलं, पान फेकून दिलं आणि काखेतली पोथी उघडली. प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

विसोबाने पंतांना कुठे ठेवलंय ते पाहिलं, आणि मान पूर्ण बाहेर काढली. “वहिनी,” तो नम्रपणे म्हणाला, “ते तिसरं पान नीट कळलं नाही. परत एकदा.”

आजीने परत वाचलं. मग चौथं दोनदा वाचलं. पाचव्यावर विसोबाने शंका काढली. आजीने त्याच्या आजोबांपर्यंत जाऊन तिचं निरसन केलं. जमलेलं जंगल पेंगायला लागलं.

आठव्या पानावर पंतांचं शेपूट हललं. नवव्यावर काळा रंग उतरून पिवळा चढला. दहाव्यावर एक मुंगळा त्यांच्या नाकासमोरून निघाला. तो पलीकडे पोचलाच नाही.

आजी वाचायची थांबली. सगळ्यांकडे पाठ करून ती पंतांजवळ बसली. दुसरा मुंगळा गेला. तिसरा गेला. पंतांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, तेव्हा तिने एवढंच म्हटलं, “मेल्या, चावून खा.”

मग जंगल कुजबुजलं. सगळ्या नजरा आजीकडे वळल्या. चूक कबूल करण्यातच मोठेपणा असतो, असं तुम्ही पाटीवर लिहायला घेतलं असेल, तर बाळांनो, पुसा. आजी उठली, पोथी काखेत मारली, आणि जे बोलली त्यावर विसोबाने हात जोडून मान आत घेतली.

तात्पर्य: “निदान माझंच बरोबर होतं, भावजी, आजार उष्णतेचाच, आता ती जास्त झाली होती की कमी पडली होती, हा तपशील झाला!”